मूठ सुधारावी, हात बदलूं नये

आमच्या या वार्षिकाच्या मराठी विभागांत गोल्फच्या खेळाविषयीं लेख पाहून पुष्कळ पालकांस आश्चर्य वाटेल. हा खेळ श्रीमंतांचा, त्यास मैदान लागतें तें शेंदीडशें एकरांचें, काठ्या महाग, आणि आमच्या शाळेचें पटांगण तर असें कीं, क्रिकेटचा चेंडू जरा उंच गेला तर तो शेजारच्या कौलांवर जाऊन पडतो. मग हा विषय कशासाठीं, असें कोणी विचारल्यास त्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु आज आम्हांस जें सांगावयाचें आहे तें या खेळाच्या एका अगदीं लहानशा अंगाविषयीं आहे, आणि त्याचा संबंध लेखणी धरणाऱ्या मुलापासून सुई धरणाऱ्या मुलीपर्यंत सर्वांशीं येतो. तें अंग म्हणजे काठी धरण्याची मूठ. इंग्रजींत तिला ग्रिप म्हणतात. या मुठीनें आम्हांस आमची स्वतःची एक मोठी चूक दाखविली. ती कबूल करणें हाहि या लेखाचा एक हेतु आहे.

चार वर्षांपूर्वीं उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही एका स्नेह्याकडे थोडे दिवस राहावयास गेलों होतों. त्यांच्या घराजवळ गोल्फचें मैदान होतें, व ते स्वतः हौशी खेळाडू असल्यामुळें त्यांनीं आम्हांस आग्रहानें बरोबर नेलें. तरुणपणीं आम्ही क्रिकेट बऱ्यापैकीं खेळलेले. तेव्हां जमिनीवर निश्चल ठेवलेला चेंडू मारण्यांत तें काय कठीण, अशा घमेंडींत आम्हीं काठी उचलली. पहिला चेंडू उजवीकडे झाडींत गेला. दुसराहि तिकडेच गेला. आम्हीं पाय पसरले, पाय जवळ घेतले, खांदे वळविले, चेंडू पुढें ठेवला, मागें ठेवला. मग नेमच डावीकडे धरिला. परंतु नेम जितका डावीकडे न्यावा तितका चेंडू अधिकच उजवीकडे वळे. पन्नास चेंडू मारले, त्यांतील चाळीस तरी त्याच झाडींत पडले असतील. शेवटीं आम्हीं काठीस दोष दिला, उन्हास दोष दिला, वयास दोष दिला. मुठीकडे मात्र एकदांहि पाहिलें नाहीं, कारण ती मूठ आमच्या हातांस अगदीं सोयीची वाटत होती.

आमच्या स्नेह्यांच्या काठ्यांची पिशवी वाहणारा एक वयस्क कॅडी हा सर्व प्रकार मुकाट्यानें पाहत होता. अखेर त्याला राहवलें नाहीं. "गुरुजी," तो म्हणाला, "हात न्हाई चुकत तुमचा, मूठ चुकतीया. किरकेटची मूठ हितं आणलीया तुम्ही." असें म्हणून त्यानें आमचा डावा हात धरून काठीवर किंचित् उजवीकडे वळविला, काठी तळहातांतून काढून बोटांवर टेंकविली, आणि तो बाजूस झाला. ती मूठ आम्हांस इतकी विलक्षण वाटली कीं, काठी हातांतून सुटून जाईल असें भय वाटूं लागलें. पहिले आठदहा चेंडू तर नीट लागलेहि नाहींत. "राहूं द्या, आमची जुनीच बरी," असें आम्ही म्हणालों. तो हंसला. "जुनी बरीच वाटनार. पर चेंडू कुठं जातोया त्ये बगा." पुढचा चेंडू फार लांब गेला नाहीं, परंतु सरळ गेला. त्यानंतरचेहि बरेचसे सरळ गेले. पन्नास चेंडूंत आम्हांस जें उमगलें नाहीं तें त्या मनुष्यानें अर्ध्या मिनिटांत दाखविलें.

यामागील कारण आम्हांस पुढें पुस्तकें वाचून समजलें. गोल्फच्या चेंडूचें वजन ४५.९३ ग्रॅमहून अधिक नसावें व त्याचा व्यास ४२.६७ मिलिमीटरहून कमी नसावा असा नियम आहे. हा एवढासा चेंडू काठीच्या तोंडास लागून राहतो तो जेमतेम सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका वेळ. तेवढ्या क्षणांत काठीचें तोंड कोणत्या दिशेस आहे, यावर चेंडू कोणत्या दिशेनें निघेल हें मुख्यतः ठरतें. तोंड केवळ एक अंश वांकडें असलें तर दोनशें यार्डांवर चेंडू सुमारें साडेतीन यार्ड बाजूस पडेल. शिवाय काठीच्या झोक्याची वाट आणि तिच्या तोंडाची दिशा यांत अंतर पडलें, म्हणजे चेंडू तिरपा फिरूं लागतो व हवेंत वळत जातो, तें नुकसान निराळेंच. उजव्या हातानें खेळणाराचा चेंडू असा उजवीकडे वळला म्हणजे त्यास स्लाईस म्हणतात व डावीकडे वळला म्हणजे हूक म्हणतात. आतां इतक्या थोड्या वेळांत विचार करून कांहीं सुधारणें कोणासहि शक्य नाहीं. सुधारणा करावयाची ती आधींच, काठी जमिनीवर टेंकलेली असतांना. आणि मनुष्याच्या देहाचा काठीशीं संबंध येतो तो फक्त दोन हातांनीं. खांदे, कंबर व पाय यांचें सर्व बळ त्या दोन हातांच्या दारांतूनच काठींत उतरतें. दार वांकडें बसविलें असेल तर घरांतील माणसें कितीहि सरळ असोत, बाहेर पडतांना तीं अडखळणारच.

वेगानें खालीं येतांना हात आपल्या स्वाभाविक स्थितीकडे परततात, ही गोष्ट येथें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. डावा हात काठीवर फार डावीकडे वळवून धरला असला तर चेंडूपाशीं येतांना तो उजवीकडे परततो, काठीचें तोंड उघडें पडतें, आणि चेंडू झाडींत जातो. आमचा दोष हाच होता. उलट हात फार उजवीकडे वळवून धरला तर काठीचें तोंड मिटतें आणि चेंडू डावीकडे पळतो. म्हणून जाणते शिक्षक असें सांगतात कीं, डावा हात प्रथम सैल सोडून मांडीजवळ लोंबूं द्यावा, आणि तो जसा लोंबतो तसाच काठीवर आणावा. काठी करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेऱ्यापर्यंत तिरपी पडावी; ती तळहाताच्या मध्यावर नसून बोटांत असावी, आणि तळहाताचा मांसल भाग तिच्यावर टेंकावा. आंगठा काठीच्या मध्यरेषेच्या किंचित् उजवीकडे असावा. वरून पाहिलें असतां डाव्या हाताच्या बोटांच्या मुळांशीं असलेल्या उंचवट्यांपैकीं दोन, फार तर तीन, दिसावे. उजवा हात त्याच्या खालीं असा यावा कीं, त्याच्या तळव्याच्या खोलगट भागांत डावा आंगठा झांकून जावा. आंगठा व तर्जनी यांच्यामध्यें इंग्रजी व्ही अक्षरासारखी जी खूण दिसते, तिचा रोंख दोन्ही हातांच्या बाबतींत हनुवटी व उजवा खांदा यांच्या दरम्यान असावा.

राहिली गोष्ट दाबाची. नवशिका मनुष्य काठी अशी आवळतो कीं, जणूं कोणी ती हिसकावून नेणार आहे. मूठ आवळली म्हणजे मनगट ताठ होतें, मनगटामागोमाग कोपर, कोपरामागोमाग खांदा. मग झोका जाऊन त्याच्या जागीं नुसता हिसका उरतो. मुठींत पांखरूं धरावें तशी काठी धरावी. तें उडूनहि जाऊं नये आणि गुदमरूंहि नये. डाव्या हाताचीं शेवटचीं तीन बोटें व उजव्या हाताचीं मधलीं दोन बोटें यांनीं काठी सांभाळावी. बाकीच्यांनीं केवळ सोबत करावी. मुलांच्या बाबतींत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. मोठ्या माणसाची काठी कापून आंखूड केली म्हणजे ती मुलाची झाली असें नव्हे. तिची जाडी व वजन तशींच राहतात, आणि कोंवळीं बोटें तिला पुरतीं वेढूं शकत नाहींत. अशा वेळीं मुलाची मूठ बिघडली तर दोष मुलाचा नसून काठी देणाराचा असतो.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, शाळेनें सांगावें, मुलांनीं ऐकावें, आणि सोय-गैरसोय मध्यें आणूं नये, असेंच तुमचें म्हणणें दिसतें. अर्धें म्हणणें तसें आहे खरें. चुकीची संवय सोयीची वाटते, योग्य संवय प्रथम बोंचते. आणि ज्यास बोंचणें सोसत नाहीं त्यास कोणतीहि विद्या येत नाहीं. अमेरिकेंतील बेन होगन याचें उदाहरण घ्या. हा १९१२ सालीं जन्मला व लहानपणीं कॅडीचें काम करूनच या खेळांत आला. खेळाडू म्हणून आरंभीं त्याचा चेंडू हूक होऊन इतका डावीकडे जाई कीं, तो अगदीं जेरीस आला. त्यानें आपली मूठ बदलली. डावा हात काठीवर थोडा डावीकडे वळविला, लांब ताणलेला आंगठा आंखडून घेतला, आणि ती नवी मूठ अंगवळणीं पडेपर्यंत अपरंपार मेहनत केली. पुढें १९४९ सालीं मोटारीच्या भीषण अपघातांतून तो कसाबसा वांचला, आणि १९५० सालीं अमेरिकेची ओपन स्पर्धा त्यानें पुन्हां जिंकली. १९५७ सालीं त्यानें या खेळावर पांच धड्यांचें प्रसिद्ध पुस्तक लिहिलें. त्यांतील पहिला धडा मुठीचा आहे.

परंतु वाचकांनीं एक गोष्ट पाहिली असेल. आमचा हात उजवीकडे वळविला तेव्हां आमचा रोग बरा झाला. होगनचा हात डावीकडे वळविला तेव्हां त्याचा बरा झाला. एकाचें औषध दुसऱ्यास दिलें असतें तर दोघेहि अधिकच आजारी पडले असते. तेव्हां मूठ सुधारावी हें खरें. पण कोणाची, कोणत्या बाजूस, व किती, हें ती मूठ व तिच्यांतून निघालेला चेंडू पाहिल्यावांचून सांगतां येत नाहीं. आमच्या म्हणण्याचा दुसरा अर्धा भाग येथें सुरू होतो.

हॅरी व्हार्डन या जर्सी बेटांत जन्मलेल्या खेळाडूनें १८९६ पासून १९१४ पर्यंत ब्रिटनची ओपन स्पर्धा सहा वेळां जिंकली. त्याच्या उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या तर्जनीवर स्वार झालेली असे. ही तऱ्हा त्याच्या आधीं जॉनी लेडले नांवाच्या स्कॉच खेळाडूनें चालविली होती. परंतु व्हार्डनच्या विजयांमुळें ती व्हार्डनच्याच नांवानें ओळखली जाऊं लागली, आणि आज जगांतील बहुतेक नामांकित खेळाडू तिचाच अवलंब करितात. मग हीच काय ती खरी मूठ? तसें म्हणावें तर मोठमोठ्या स्पर्धांतील अठरा विजय ज्याच्या नांवावर आहेत तो जॅक निक्लॉस करंगळी व तर्जनी एकमेकींत गुंतवून काठी धरीत असे, कारण त्याचे हात लहान होते. टायगर वूड्स हाहि तशीच गुंतवणीची मूठ धरतो. १९५९ सालीं ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धा आर्ट वॉलनें जिंकली व त्याच सालीं अमेरिकेची पी. जी. ए. स्पर्धा बॉब रॉसबर्गनें जिंकली. हे दोघेहि बोटें न गुंतवितां, न चढवितां, दहाहि बोटांनीं काठी धरीत, आणि पुस्तकी पंडित त्या मुठीस बाळबोध म्हणून नाकें मुरडीत.

त्याच १९५९ सालीं हॉलंडमध्यें याहूनहि आश्चर्य घडलें. तेथील डच ओपन स्पर्धा सेवसुंकर सेवगोलुम नांवाच्या खेळाडूनें जिंकली. लोक त्यास पापवा म्हणत. हा भारतीय वंशाचा, दक्षिण आफ्रिकेंतील डर्बन शहराचा. गोऱ्यांच्या मैदानावर पिशव्या वाहून त्यानें हा खेळ नुसता पाहून पाहून उचलला होता. उजव्या हातानें खेळणाराचा डावा हात वर व उजवा हात खालीं असावयाचा. पापवाचा नेमका उलटा, उजवा वर व डावा खालीं. ज्या मुठीस कोणताहि शिक्षक पहिल्याच दिवशीं चूक म्हणेल, त्या मुठीनें त्यानें डच ओपन १९५९, १९६० व १९६४ अशी तीन वेळां जिंकली. १९६५ सालीं नाताळ प्रांताच्या ओपन स्पर्धेंत त्यानें जगद्विख्यात गॅरी प्लेअर यास मागें टाकलें. तत्पूर्वीं १९६३ सालीं हीच स्पर्धा त्यानें डर्बन येथें जिंकली होती. त्या दिवशीं पाऊस पडत होता. बक्षीस-समारंभ क्लबाच्या इमारतींत व्हावयाचा; परंतु त्या देशाच्या वर्णभेदी कायद्यांनीं काळ्या-सांवळ्या मनुष्यास आंत येण्यास मज्जाव असल्यामुळें, विजयी वीरानें आपलें बक्षीस बाहेर पावसांत उभें राहून घेतलें. पुढें सरकारनें त्याचें स्पर्धांत खेळणेंच बंद पाडलें. १९७८ सालीं तो वारला. ज्या कायद्यांनीं त्यास बाहेर उभें केलें ते आज राहिले नाहींत. त्याच्या नांवाचें गोल्फचें मैदान मात्र डर्बनमध्यें आहे.

या मनुष्याचें चरित्र वाचतांना आमच्या मनांत एक विचार आला तो असा. त्याच्या उलट्या हातांस हंसणारे आणि त्याच्या कातडीमुळें त्यास बाहेर ठेवणारे, या दोघांचे अपराध सारखे नव्हेत. एक अज्ञान होतें आणि दुसरा अन्याय होता. परंतु दोघांच्या मुळाशीं खोड एकच होती. चेंडू कोठें गेला हें न पाहतां तो मारणारा कसा दिसतो एवढेंच त्यांनीं पाहिलें. आमच्या त्या कॅडीनें याच्या बरोबर उलट केलें. त्यानें प्रथम पन्नास चेंडू पाहिले, मग आमची मूठ पाहिली, आणि मगच हात लावला. आमच्या मतें उत्तम शिक्षक कोणता हें ओळखण्याची हीच कसोटी होय.

आमच्या महाराष्ट्रांतहि याचें एक ठळक उदाहरण आहे. सचिन तेंडुलकर बॅटीचा दांडा अगदीं खालीं धरून खेळत असे. लहानपणीं वडील भावाची मोठी बॅट हाताळल्यामुळें त्यास ती संवय लागली होती. ती मूठ बदलण्याचा सल्ला त्यास मिळाला, त्यानें बदलून पाहिली, परंतु ती त्यास मानवली नाहीं; आणि धांवा तर जुन्या मुठीनें निघतच होत्या. तेव्हां तीच ठेवण्यांत शहाणपण ठरलें. हाच सचिन लिहितो मात्र डाव्या हातानें, हें पुष्कळांस ठाऊक नसेल.

डाव्या हाताचा विषय निघाला, तेव्हां आतां आमची कबुली. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या हाताखालीं पांचवीच्या वर्गांत एक मुलगा होता. तो डाव्या हातानें लिही. अक्षर मोत्यासारखें नव्हतें, पण स्वच्छ होतें, वेग चांगला होता, आणि तो बाकावरून सारखा हात वर करून उत्तरें देई. तोहि हात डावाच असे. आम्हीं पहिल्याच आठवड्यांत त्याच्या डाव्या हातांतून लेखणी काढून उजव्या हातांत दिली. तो विसरे, आम्ही पुन्हां देत असूं. कधीं कधीं आम्हीं पट्टीहि वापरली. त्याच्या वडिलांनीं शाळेंत येऊन आमचे आभार मानले, कारण जेवणाचा व देवाचा हात सोडून भलत्याच हातानें मुलानें लिहावें याची घरांत सर्वांस लाज वाटत असे. वर्षाखेरीस मुलगा उजव्या हातानें लिहूं लागला. अक्षर लहान व वांकडें झालें. उत्तरपत्रिका अर्ध्या राहूं लागल्या. हात वर करणें त्यानें सोडून दिलें. आम्हीं त्याच्या प्रगतिपुस्तकांत "मंद" असा शेरा लिहिला.

आज त्या शेऱ्याची आम्हांस लाज वाटते. पन्नास चेंडू सरळ जात असतांना आम्हीं खेळाडूची मूठच नव्हे तर हातच बदलला, आणि चेंडू झाडींत जाऊं लागले तेव्हां दोष त्याला दिला. डावरेपण ही वाईट संवय नव्हे. कोणता हात पुढें सरसावतो हें मेंदूच्या घडणीशीं संबद्ध आहे, आणि पट्टीनें मेंदूची घडण बदलत नाहीं. हा मुलगा आतां चाळिशीच्या घरांत असेल. हें वार्षिक त्याच्या हातीं पडेल कीं नाहीं हें आम्हांस सांगतां येत नाहीं. परंतु पडलेंच, तर त्याच्या जुन्या गुरुजींनीं येथें त्याची क्षमा मागितली आहे हें त्यानें जाणावें.

कोणी म्हणेल, हात बदलूनहि कित्येक लोक नांवारूपास येतातच. होय, येतात. फिल मिकेलसन हा इतर सर्व कामांत उजवा. पण लहानपणीं वडिलांच्या समोर उभा राहून, आरशांतल्या प्रतिबिंबाप्रमाणें त्यांची नक्कल करीत तो गोल्फ शिकला, म्हणून डाव्या हातानें खेळूं लागला. त्यानें मोठ्या स्पर्धांत सहा विजय मिळविले, त्यांपैकीं शेवटचा २०२१ सालीं, वयाच्या पन्नासाव्या वर्षीं. परंतु तो हात त्यानें आपण होऊन धरला होता. कोणीं पट्टी उगारून त्याच्यावर लादला नव्हता. या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचें अंतर आहे.

मग डावऱ्या मुलास कांहींच शिकवूं नये काय? शिकवावें, अवश्य शिकवावें. या वर्षीं आमच्या वर्गांत एक डावरी मुलगी आली. तिची लेखणी धरण्याची मूठ खरोखरच चुकीची होती. ती बोटें इतकी आवळी कीं, पान भरण्यापूर्वींच हात दुखून येई, आणि लिहिलेल्या ओळीवरून मनगट फिरल्यामुळें शाई फांसे. आम्हीं तिचा हात बदलला नाहीं. लेखणी टोंकापासून थोडी वर धरावयास लावली, बोटें सैल करविलीं, वही उजवीकडे कलती ठेवविली, आणि बाकावर तिला डाव्या टोंकास बसविलें, म्हणजे शेजारणीच्या कोपरास तिचें कोपर लागूं नये. पहिला महिना ती कुरकुरली. जुनी मूठच बरी, असें तीहि म्हणाली. तेव्हां आम्हांस मैदानावरचे आपलेच शब्द आठवून हंसूं आलें. सहामाहीस तिची उत्तरपत्रिका पुरी झाली होती.

पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलानें डाव्या हातानें लेखणी, चेंडू किंवा विळा उचलला तर त्यास टोंकूं नये. आधीं काम कसें उतरतें तें पाहावें. काम नीट उतरत असेल तर लोक काय म्हणतील याची चिंता लोकांवर सोपवावी. आमच्या शिक्षकबंधूंस व भगिनींस आम्ही म्हणूं कीं, एका नियमानें सर्व मुठी बांधूं नयेत. नियम चांगला असला तरी तो चेंडूसाठीं आहे, चेंडू नियमासाठीं नव्हे. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांस सांगणें याच्या उलट बाजूचें आहे. पापवाचें उदाहरण ऐकून कोणी आपल्या आळसास स्वभावाचें नांव देऊं नये. त्याची मूठ उलटी होती, पण तिच्यामागें वर्षानुवर्षांची मेहनत होती आणि चेंडू सरळ जात होता. तुमचा चेंडू रोज झाडींत जात असेल, आणि तरीहि "माझी पद्धतच अशी" असें तुम्ही म्हणत असाल, तर ती पद्धत नव्हे, हट्ट होय. कोणी जाणत्यानें हात धरून मूठ वळविली तर आठ दिवस बोंचणें सोसावें, आणि मग चेंडूस विचारावें.

तो जाणता मनुष्य कोण असेल हेंहि आधीं सांगतां येत नाहीं. आमच्या बाबतींत तो दुसऱ्यांच्या पिशव्या वाहणारा होता. कलकत्त्याचा रॉयल क्लब १८२९ सालीं स्थापन झाला. ब्रिटनबाहेरील गोल्फच्या क्लबांत तो सर्वांत जुना गणला जातो. तेथील गवताची निगा राखणाऱ्या कामगाराचा मुलगा शिव शंकर प्रसाद चौरसिया यानें २०१६ व २०१७ सालीं इंडियन ओपन जिंकली. कॅडी म्हणून आरंभ केलेल्या सी. मुनियप्पा यानें तीच स्पर्धा २००९ सालीं जिंकली होती. तेव्हां हा खेळ श्रीमंतांचा, असें जें आम्हीं आरंभीं म्हटलें, तें मैदानाच्या मालकीपुरतें खरें असेल. मुठीस मात्र बापाची मिळकत ठाऊक नसते.

असो. सुटी संपून परततांना आम्ही त्या कॅडीचा निरोप घ्यावयास गेलों, तेव्हां तो एका आठदहा वर्षांच्या मुलास चेंडू मारावयास शिकवीत होता. मुलगा डावरा होता आणि काठी उजव्या हाताची, म्हणून तो ती उलटी करून मागच्या बाजूनें मारीत होता. आम्हांस वाटलें, आतां हा त्यास उजवीकडे उभा करील. त्यानें तसें केलें नाहीं. तो दहा चेंडू होईपर्यंत पाहत राहिला, मग क्लबाच्या खोलींत गेला, आणि कोठून तरी एक जुनी, गंजलेली, डाव्या हाताची काठी शोधून घेऊन आला.